अर्धी विझलेली काच

विमानातला डिस्प्ले पूर्ण बंद पडला तर पुढचं काम सरळ असतं. वैमानिक दुसऱ्या रेडिओवर जातो, उतरल्यावर स्नॅग, म्हणजे दोषाची नोंद, लिहितो, इंजिनिअर बॉक्स काढून वर्कशॉपला पाठवतो. काळजी करावी ती अर्ध्या विझलेल्या काचेची. तिच्यावर आकडा दिसतो, वाचताही येतो, पण तो खरा असेलच असं नाही. शिवाय ती हळूहळू विझत असल्यामुळे रोज तेच विमान उडवणाऱ्याच्या डोळ्याला तिची सवय झालेली असते.

खानदेशात हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. जळगाव, शिरपूर आणि धुळ्याचं गोंदूर, तिन्हीकडे उड्डाणाचं शिक्षण आलं. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्या बरोबरीने जळगाव होतं. प्रशिक्षणाची विमानं दिवसातून अनेकदा उडतात आणि मधल्या वेळात ॲप्रनवर उन्हात उभी राहतात. आणि ऊन आपल्याकडचं. एकोणीस-वीस वर्षांचं पोर एकटं सोलोला गेलेलं असताना समोरचा आकडा खोटं बोलू नये, एवढ्यासाठी या काचांची नीट ओळख असायला हवी.

सुरुवात नारिंगी आकड्यांपासून. १९९७ नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या सेसना १७२ मध्ये बेंडिक्स-किंगचे रेडिओ आणि ट्रान्सपाँडर (रडारला विमानाचा कोड कळवणारं उपकरण) असत. त्याआधीच्या विमानांत केएक्स १५५ हा रेडिओ तर सर्रास सापडतो. त्यांचे नारिंगी आकडे म्हणजे गॅस डिस्चार्ज डिस्प्ले. दोन काचांच्या मध्ये निऑन वायू, आत आकड्याच्या एकेका तुकड्याच्या, म्हणजे सेगमेंटच्या, आकाराचे धातूचे पातळ कॅथोड, आणि साधारण १८० व्होल्टचा दाब. वायू पेटतो आणि कॅथोडभोवती नारिंगी उजेड दिसतो. पेटलेल्या वायूचे आयन कॅथोडवर सतत आदळत राहतात, धातूचे कण उडवतात आणि ते कण समोरच्या काचेवर बसतात. जुन्या ट्यूबलाइटची टोकं काळी पडतात तसंच हे. जे सेगमेंट सर्वांत जास्त वेळ पेटतं ते आधी मंदावतं, म्हणून नेहमीच्या टॉवर फ्रीक्वेन्सीचे आकडे आधी जातात. यावर हँगरमध्ये उपाय नाही, डिस्प्लेच बदलावा लागतो.

पण नारिंगी आकडे मंद दिसले म्हणजे डिस्प्ले संपलाच, असं नाही. केएक्स १५५ च्या तोंडावर एक छोटा फोटोसेल असतो. बाहेर उजेड असेल तर तो आकडे उजळ करतो, अंधार असेल तर मंद. त्याच्यावर काळ्या मातीचा थर बसला किंवा तो म्हातारा झाला की भर दुपारी रेडिओला रात्र वाटते. तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे: फोटोसेलवर टॉर्च मारायचा, मग बोट ठेवून तो झाकायचा. आकडे उजळून पुन्हा मंदावले तर फोटोसेल शाबूत आहे. काहीच फरक पडला नाही तर आधी फोटोसेल, मग उच्च दाबाचा पुरवठा, आणि डिस्प्ले सगळ्यात शेवटी. सगळे आकडे एकसारखे मंद असतील तर संशय पुरवठ्यावर घ्यावा. काही आकडे उजळ आणि काही मंद असतील तर डिस्प्लेवर.

सेगमेंट नेमकं कसं गेलं आहे, हे पाहण्यातच अर्धं निदान असतं. हे डिस्प्ले मल्टिप्लेक्स पद्धतीने चालतात, म्हणजे प्रत्येक अंकाची एक तार आणि सगळ्या अंकांतल्या एकाच जागेच्या सेगमेंटची मिळून एक तार. त्यामुळे प्रत्येक अंकातलं मधलं सेगमेंट गेलं असेल तर दोष सेगमेंटच्या ड्रायव्हरमध्ये. एक अख्खा अंक गेला असेल तर त्या अंकाच्या ड्रायव्हरमध्ये. एकाच अंकातलं एकच सेगमेंट गेलं असेल तर तो डिस्प्लेचा स्वतःचा दोष किंवा त्याच्या पायाची जोडणी. पहिल्या दोन दोषांत महागडा डिस्प्ले चांगला असतो आणि किरकोळ भाग बिघडलेला असतो. वर्कशॉपला एवढी माहिती लिहून पाठवली तर पैसा आणि दिवस दोन्ही वाचतात.

आता खोटेपणाबद्दल. काचेवर आकडे इंग्रजी असतात, तसेच ते डोळ्यांपुढे आणा. इंग्रजी आठमधलं वरचं उजवं सेगमेंट विझलं की तो सहा होतो. खालचं डावं विझलं की नऊ, मधलं विझलं की शून्य. नऊचं वरचं उजवं गेलं की पाच. सहाचं खालचं डावं गेलं तरी पाचच. साताचं डोकं गेलं की एक. दोन, तीन, चार यांचे तुकडे गेले की बहुधा वेडेवाकडे आकार होतात आणि डोळा अडखळतो, ते बरं. पण वरचं उजवं सेगमेंट गेलेल्या अंकावर सहा आणि आठ हुबेहूब सारखे दिसतात, पाच आणि नऊही. १२६.८० लावलं आहे की १२८.८०, हे ती काच सांगू शकत नाही, आणि दोन्ही फ्रीक्वेन्सी वैध असल्यामुळे रेडिओही कुरकुर करत नाही. ट्रान्सपाँडरच्या कोडमध्ये साताचा एक दिसला तर रडारवर बसलेल्या माणसाला भलतंच विमान दिसतं.

म्हणून इंजिन सुरू केल्यावर, टॅक्सीच्या आधी, सेगमेंट तपासण्याची सवय लावावी. केटी ७६सी ट्रान्सपाँडरमध्ये टेस्टची जागा आहे, तिथे नॉब नेला की किमान चार सेकंद सगळी सेगमेंट पेटतात. एवढे चार सेकंद डोळे तिथेच ठेवायचे. केएक्स १५५ मध्ये आकडे फिरवून बघायचं. कॉमच्या (बोलण्याच्या) बाजूला १२८.८० लावलं की तिसरा आणि चौथा अंक पूर्ण आठ दाखवतात. दुसऱ्या अंकावर आठ कधी येतच नाही, कारण कॉमचा पट्टा ११८ ते १३६.९७५ आहे, तिथे फक्त एक, दोन आणि तीन येतात. त्या तिन्हींना वरचं डावं सेगमेंट लागत नाही, म्हणून ते गेलेलं असलं तरी कॉमला फरक पडत नाही. बाकीची सहा सेगमेंट १२८ आणि १३३ लावून बघता येतात. शेवटच्या अंकावर शून्य आणि दोन आणले की त्याची सातही सेगमेंट पेटून जातात. नॅवचा (दिशादर्शनाचा) पट्टा १०८ ते ११७.९५, तिथे १०८.८० लावलं की बहुतेक काम होतं. शिवाय व्हीओआर हे जमिनीवरचं दिशादर्शक केंद्र लावल्यावर त्याची मोर्समधली ओळख कानाने ऐकायचीच. आकडा कितीही स्वच्छ दिसत असला तरी ओळख ऐकल्याशिवाय ते केंद्र लावलं असं समजू नये.

गॅस डिस्प्लेची आणखी एक खोड आहे, तिच्यामुळे वैमानिक आणि इंजिनिअर यांच्यात विनाकारण ताण येतो. निऑन पेटायला सुरुवातीला थोडे मोकळे इलेक्ट्रॉन लागतात आणि उजेडात ते सहज मिळतात. पूर्ण अंधारात तोच वायू उशिरा पेटतो किंवा फडफडतो. यासाठी डिस्प्लेत एक छोटा कायम पेटता इलेक्ट्रोड दिलेला असतो, पण तोही कालांतराने कमजोर होतो. जानेवारीत धुळ्याचा पारा एक आकडी असतो, पहाटे अंधारात पहिल्या फेरीची तयारी चाललेली असते, तेव्हा आकडे लुकलुकतात. सकाळी दहाला हँगरच्या दारात तोच रेडिओ ठणठणीत चालतो आणि स्नॅगपुढे ‘दोष आढळला नाही’ असं लिहिलं जातं. दोघंही खरं बोलत असतात. अशी तक्रार आली तर तपासणीही अंधारात करावी: कॉकपिटवर जाड कव्हर टाकून, काही वेळ वीज बंद ठेवून, मग चालू करून पाहावं.

एलसीडीची दुखणी वेगळी. आकड्यांच्या साध्या एलसीडीत काच आणि सर्किट यांच्यामध्ये रबराची पट्टी असते, तिला झेब्रा पट्टी म्हणतात. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे पातळ थर आलटून पालटून असतात. उष्णतेने रबर दबलं किंवा खाली धूळ गेली की आकड्यांचे तुकडे गळू लागतात. काचेच्या कडेला बोटाने हलका दाब दिल्यावर ते परत येत असतील तर दोष पट्टीत आहे, काचेत नाही. वर्कशॉपमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून किंवा पट्टी बदलून ते काम होतं. पण दाबल्यावर चालतो म्हणून दाबतच राहणं बरोबर नाही. काचेच्या कडेने काळी शाई पसरल्यासारखी दिसली तर काचेचं सील फुटलं आहे, आणि ती काच परत येत नाही.

उन्हात उभ्या विमानाचा एलसीडी अख्खा काळा पडतो आणि थंड झाल्यावर आपोआप नीट होतो, हा अनुभव खानदेशात मे महिन्यात येतोच. ठराविक तापमानाच्या वर गेल्यावर आतलं लिक्विड क्रिस्टल साध्या द्रवासारखं वागू लागतं आणि प्रकाश वळवण्याचं काम सोडून देतं. काच तिथल्या तिथे मेलेली नसते. पण तेवढ्या तापमानात पोलरायझरची फिल्म आणि कडेचं सील दोन्ही म्हातारी होत असतात. पोलरायझर पिवळा पडला, त्यात बुडबुडे आले, किंवा बॉक्स उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्ममधलं सेल्युलोज ॲसिटेट विघटन पावू लागलं आहे असं समजावं.

इथे एक सूचना आवर्जून: ‘स्क्रीन काळी दिसते’ असा स्नॅग आला तर आधी वैमानिकाच्या डोळ्यांवर कोणता गॉगल होता ते विचारा. पोलराइज्ड गॉगलमधून एलसीडी ठराविक कोनात काळाच दिसतो. गॉगल काढून, मान तिरपी करून पाहिलं की उलगडा होतो. प्रशिक्षणार्थींना साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगलच घ्यायला सांगावं.

मोठ्या रंगीत पडद्यांची गोष्ट बॅकलाइटभोवती फिरते. जुन्या एलसीडी पॅनेलच्या मागे कोल्ड कॅथोड फ्लुरोसंट नळ्या असतात. त्या थकल्या की चालू करताना पडदा गुलाबीसर दिसतो, कडा काळवंडतात, उजाळा वाढवूनही उन्हात वाचता येत नाही. त्यांना वीज देणारा इन्व्हर्टर बिघडला तर पडदा पेटून लगेच विझतो. तिरका टॉर्च मारून चित्र पुसटसं दिसत असेल तर पॅनेल चालू आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे. जी१००० सारख्या पडद्यावर मात्र आधी मेनूत जाऊन उजाळा ऑटोवर आहे की मॅन्युअलवर ते पाहावं. रात्रीच्या फेरीनंतर कुणीतरी मॅन्युअलवर मंद करून ठेवलेला पडदा सकाळी ‘खराब’ ठरतो. चौकटीवरचा प्रकाशसेन्सर पुसावा, मग पुढचं बोलावं. ‘कूलिंग कमी, वीज वापर घटवत आहे’ अशा अर्थाचा इशारा पडद्याने दिला तर तो किरकोळ मानू नका. पडद्यामागचा पंखा थांबलेला असण्याची शक्यता मोठी. जळगाव-धुळ्याच्या आसपास जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचा तंतू असतो. तो पंख्याच्या जाळीवर चिकटतो आणि त्यावर काळी माती बसते. ॲव्हिऑनिक्स चालू करून इंजिन बंद असताना पंख्याचा आवाज कानाने ऐकणं ही तपासणी फुकट आहे.

सीआरटीचे, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या नळीचे, पडदे आपल्या प्रशिक्षण विमानांत फारसे नाहीत, जुन्या बिझनेस जेटमध्ये आणि जुन्या बोइंग-एअरबसमध्ये आहेत. १९८२ मध्ये सेवेत आलेल्या बोइंग ७६७ मध्ये ते होते, १९९५ च्या ७७७ ने एलसीडी आणले. सीआरटीत फॉस्फर जळतो, कॅथोड थकतो, आणि मंद झाला म्हणून उजाळा वाढवला की इलेक्ट्रॉनचा झोत वाढून तो आणखी लवकर थकतो. जमिनीवर उभं असताना उजाळा उतरवणं हाच त्यावर एक उपाय. आत अनेक हजार व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही ते टिकून राहतात, त्यामुळे हँगरमध्ये तो बॉक्स उघडायचा नाही.

या सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा उष्णता असते. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना हिशेबाने ३२,००० तास टिकतो आणि ७५ अंशांना १६,०००. भुसावळ-जळगावला मेमध्ये सावलीत ४५ अंश असताना बंद कॉकपिटमधलं पॅनल कुठे जात असेल ते सांगायला नको. हँगरमधला मदतनीस ‘काच तपेल शे, हात नका लावू’ म्हणतो ते उगाच नाही. उपकरणांच्या डीओ-१६० मानकात ए१ या वर्गासाठी तीन वेगवेगळे आकडे आहेत: सलग चालण्यासाठी ५५ अंश, थोडा वेळ चालण्यासाठी ७०, आणि बंद अवस्थेत नुसतं सहन करण्यासाठी ८५. सहन करणं आणि चालणं यात फरक आहे. तापलेल्या विमानात बसताक्षणी ॲव्हिऑनिक्स मास्टर चालू करणं म्हणजे सहन करणाऱ्याला धावायला लावणं. आधी दोन्ही दारं उघडावीत, आतली हवा बाहेरच्या हवेइतकी होऊ द्यावी. इंजिन सुरू करताना ॲव्हिऑनिक्स मास्टर बंद हवाच.

कव्हर बाहेरून घातलं तर ऊन आत शिरण्याआधीच अडतं, म्हणून ते आतल्या चकचकीत पडद्यापेक्षा चांगलं. पण आधी विंडशील्ड पाण्याने धुवा. काळ्या मातीच्या कणांवर कापड घासलं तर ॲक्रिलिकवर कायमचे ओरखडे येतात. डिस्प्लेच्या बाबतीतही तेच: आधी ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवायची, मग लिंट न सुटणाऱ्या कापडावर चष्म्याचं क्लीनर घेऊन पुसायचं. परावर्तनरोधक कोटिंगला चालेल असं त्या बाटलीवर लिहिलेलं हवं. अमोनिया असलेलं घरचं काचेचं क्लीनर ते कोटिंग खातं. क्लीनर थेट पडद्यावर फवारायचं नाही, ते चौकटीतून आत उतरतं. बोटाचं तेलही कोटिंगला वाईट, म्हणून बोट टेकवून दाखवणाऱ्या प्रशिक्षकाने पेन्सिलीचा रबर वापरावा.

‘डिस्प्ले खराब’ या दोन शब्दांच्या स्नॅगने कुणाचंच भलं होत नाही. असा लिहावा: ‘कॉम १ स्टँडबाय, तिसरा अंक, वरचं उजवं सेगमेंट नाही. बाहेर ४१ अंश, चालू करून २० मिनिटांनी. फोटोसेल झाकल्यावर आकडे मंद होतात. ॲक्टिव्ह बाजू ठीक.’ हे वाचून इंजिनिअर अर्धं निदान चहाच्या टेबलावर करतो. एकाच प्रकारचे दोन रेडिओ असतील तर त्यांची रॅकमधली जागा बदलून पाहता येते. समोरच्या भोकातून ३/३२ इंचाची ॲलन की फिरवली की बॉक्स बाहेर येतो. दोष बॉक्सबरोबर गेला तर बॉक्स, जागेवर राहिला तर वायरिंग किंवा ट्रे. पण आधी पार्ट नंबर जुळवा, कारण १४ आणि २८ व्होल्टचे बॉक्स दिसायला सारखेच असतात. आणि हे काम परवानाधारकाचं किंवा त्याच्या देखरेखीखालचं, प्रशिक्षणार्थीचं नाही.

दरम्यान विमान उडवायचं का? एमईएल, म्हणजे कोणतं उपकरण बंद असताना किती दिवस उडता येतं याची मंजूर यादी, असलेल्या विमानात उत्तर तिथे मिळतं: बी वर्गाला ३ दिवस, सीला १०, डीला १२०. माझं ठाम मत असं की ज्या अंकावर दोन आकडे सारखे दिसतात तो डिस्प्ले चालू ठेवू नये. नियमाने दुसऱ्या रेडिओवर उडता येत असेल तर पहिल्याचा सर्किट ब्रेकर ओढावा, त्याला कॉलर लावावी आणि समोर ‘इनऑप’ची पट्टी चिकटवावी. अर्ध्या काचेपेक्षा बंद काच बरी, कारण तिच्याकडे कुणी पाहत नाही.

दुरुस्त होऊन आलेल्या बॉक्सबरोबर सीए फॉर्म १, ईएएसए फॉर्म १ किंवा एफएएचा ८१३०-३ यांपैकी एक प्रमाणपत्र असतं. त्यावर ‘इन्स्पेक्टेड’ किंवा ‘टेस्टेड’ लिहिलेलं असेल तर डिस्प्ले नवा बसवला असा अर्थ होत नाही. वर्क ऑर्डर मागून डिस्प्लेचा पार्ट नंबर त्यात आहे का ते बघावं. इंटरनेटवरच्या बाजारात कागदाशिवाय मिळणारा डिस्प्ले कितीही स्वस्त असला तरी तो विमानात जाऊ शकत नाही. मुंबईला बॉक्स पाठवताना अँटिस्टॅटिक पिशवी, समोरच्या काचेला न टेकणारा पुठ्ठा आणि चारी बाजूंनी दोन-दोन इंच फोम घालावा, कारण चांगला निघालेला डिस्प्ले वाटेत फुटला की भांडण कुरिअरशी होतं आणि विमान उभं राहतं.

नवा पडदा बसवायचा ठरला तर सर्वांत आधी ऑटोपायलट कशाशी बोलतो ते पाहा. केएफसी १५० सारखा ऑटोपायलट विमान किती कललं आहे ही माहिती केआय २५६ या जुन्या कृत्रिम क्षितिजाकडून घेतो. ते काढून टाकलं तर नव्या पडद्याने त्याच भाषेत संकेत द्यायला हवेत. त्यानंतर एसटीसी (बदलाच्या आराखड्याची मंजुरी), विजेच्या भाराचा हिशेब, वजन आणि संतुलनाची नवी नोंद, फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी. ही कागदपत्रं वायरिंगपेक्षा जास्त वेळ खातात, म्हणून ती उन्हाळ्यातच सुरू करावीत आणि पॅनल उघडण्याचं काम जुलै-ऑगस्टवर ठेवावं. तेव्हा ढगांमुळे उड्डाणं तशीही कमी असतात आणि विमान दोन-तीन आठवडे हँगरमध्ये उघडं ठेवायला परवडतं. उघड्या पॅनलजवळ सिलिका जेल ठेवावं, ते निळं किंवा नारिंगी असताना कोरडं असतं आणि रंग पालटला की बदलायचं. कपाटातला जादा रेडिओ दर काही महिन्यांनी बेंचवर तासभर चालवावा, म्हणजे कपॅसिटर जागे राहतात, आणि चालवल्याची तारीख त्याच्याच टॅगवर लिहावी.